पुठ्ठ्याचा संगणक



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर काही बोलू. आम्ही 'संगणकीय दृश्यमाध्यमांचे संशोधन आणि शिक्षण' असा विषय लिहून पाठविला. त्यावर चालकांपैकी एका गृहस्थांनी फोन करून विचारले, "विषय चुकून दुसऱ्या कोणा वक्त्याचा तर आला नाही ना?" त्यांची शंका रास्त आहे. युनियनच्या माणसाने चित्रांविषयी बोलावे, आणि तेही संगणकावरच्या चित्रांविषयी, हे थोडे विचित्र दिसते खरे. परंतु ज्याला आपण आज मल्टिमीडिया म्हणतो, म्हणजे अक्षर, चित्र, आवाज आणि हलते चित्र ही चारही एकाच यंत्रावर जुळविण्याचा जो उद्योग, तो शेवटी उद्योगच आहे. त्यात मालक आहेत, कामगार आहेत, रात्रपाळी आहे आणि थकलेला पगारही आहे. त्याची हत्यारे कोणी घडविली, कोणाला विचारून घडविली, आणि ती चालविण्याचे शिक्षण आपल्या मुलांना कसे दिले जाते, हा प्रश्न गिरणीतल्या मागाइतकाच कामगारांचा आहे.

म्हणून आज आम्ही आपल्याला एका प्रयोगाची हकीकत सांगणार आहोत. तो स्वीडन आणि डेन्मार्क या देशांत १९८१ ते १९८५ या वर्षांत झाला. त्याचे नाव 'युटोपिया'. नाव ऐकून कोणी हसेल. स्वप्नरंजनाला आपण याच नावाने हिणवतो. पण त्या मंडळींनी ते नाव मुद्दाम घेतले होते, आणि त्यात एक मेख होती. ती पुढे सांगू.

आधी आमचा या विषयाशी संबंध काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. आम्ही नववीत शाळा सोडली आणि सतराव्या वर्षी एका छापखान्यात शिकाऊ जुळारी म्हणून लागलो. तो १९८०-९० या दशकाचा शेवट होता. शिसाचे खिळे, लाकडी केस, हातात स्टिक. केसच्या कोणत्या घरात कोणते अक्षर आहे हे डोळ्यांना विचारावे लागत नाही, बोटांनाच ठाऊक असते. जुळारी मजकूर उलटा वाचतो. ओळीत शब्दांमधली जागा सैल पडली, तर पानातून पांढरी वाट उतरल्यासारखी दिसते, आणि वाचणाऱ्याला कारण न कळता वाचन जड जाते, हे तो जाणतो. कोणत्या मजकुराला किती मोकळी जागा द्यावी, शीर्षक कोठे बसवावे, फोटोचा ब्लॉक पानात जड होतो आहे की काय, हे सारे त्याचे ज्ञान. ते कोठे लिहून ठेवलेले नव्हते. आमच्या वस्तादांनी ते आम्हाला शब्दांत कधी सांगितले नाही; चुकीची ओळ दिसली की ते स्टिकवर नुसते बोट ठेवीत.

मग एके दिवशी मालकांनी संगणक आणला. तो त्यांच्या पुतण्याला शिकविला गेला. केससमोर पंचवीस-पंचवीस वर्षे उभ्या राहिलेल्या तिघांना हिशेब देऊन घरी पाठविले. पुतण्या हुशार होता, त्याला बोल लावण्याचे कारण नाही. पण पुढची दोनतीन वर्षे त्या छापखान्यातून निघालेली पुस्तके पाहावीत! एका पानावर सात प्रकारची अक्षरे, प्रत्येक चौकटीला सावली, आणि ओळींमध्ये माशीला बसायला जागा नाही. यंत्र उत्तम होते, चालविणारा चलाख होता, आणि ज्यांना पान म्हणजे काय हे कळत होते ते घरी बसले होते. आमच्या युनियनच्या कामाची सुरुवात त्या तिघांच्या ग्रॅच्युइटीच्या अर्जापासून झाली, आणि वाचनाची सुरुवातही तेथूनच झाली. जगात इतरत्र जुळाऱ्यांचे काय झाले, हे शोधता शोधता आम्ही नगर वाचनालयाची बरीच कपाटे उलथीपालथी केली.

न्यूयॉर्कमध्ये काय झाले ते पाहा. तेथे ८ डिसेंबर १९६२ रोजी जुळाऱ्यांनी संप केला आणि तो ११४ दिवस चालला. त्यांचा पुढारी बर्ट्राम पॉवर्स. वादाच्या मुळाशी स्वयंचलित जुळणी होती. पुढे १९७४ मध्ये मोठ्या वृत्तपत्रांशी करार झाला. मालकांनी यंत्रे आणावीत, बदल्यात कामावर असलेल्या जुळाऱ्यांना तहहयात नोकरीची हमी द्यावी. जुलै १९७८ च्या आरंभी न्यूयॉर्क टाइम्सचा अंक तप्त शिशाच्या ओळींवर शेवटचा निघाला. त्या रात्रीचा एक बोलपटही आहे. त्याच्या नावात 'एताओइन श्रद्लू' असे शब्द येतात. त्याला अर्थ काही नाही, लायनोटाइप यंत्राच्या कळफलकावरच्या पहिल्या दोन उभ्या रांगा तेवढ्या आहेत. करार चांगलाच होता, आमच्यासारख्याला हेवा वाटावा असा. माणसांची पोटे सांभाळली गेली. पण धंद्याचे ज्ञान त्या पिढीबरोबर निवृत्त झाले. नव्या यंत्रापुढे बसणाऱ्या पोराला जुन्या जुळाऱ्याकडून काय मिळाले पाहिजे, याबद्दल करारात काही नव्हते.

लंडनची कथा याहून कडू. जानेवारी १९८६ मध्ये रूपर्ट मर्डोक यांनी आपली वृत्तपत्रे रातोरात वॉपिंगच्या नव्या कारखान्यात नेली. संपावर गेलेल्या सुमारे साडेपाच हजार कामगारांना काढून टाकले. वर्षभर दाराशी निदर्शने झाली, फेब्रुवारी १९८७ मध्ये लढा संपला आणि कामगार हरले.

म्हणजे एका ठिकाणी भरपाई घेऊन यंत्राला वाट दिली, दुसऱ्या ठिकाणी यंत्राशी झुंज देऊन पराभव झाला. तिसरा मार्ग उत्तरेकडच्या देशांत शोधला गेला, आणि त्याची सुरुवात छापखान्यात नव्हे, लोखंडाच्या कारखान्यांत झाली. नॉर्वेमध्ये क्रिस्टेन न्यूगार्ड नावाचे गणिती होते. संगणकाची 'सिम्युला' ही भाषा त्यांनी ओले-योहान डाल यांच्याबरोबर घडविली. त्या कामासाठी दोघांना २००१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. आज जगभर जी वस्तुनिष्ठ संगणकरचना शिकविली जाते, तिचे मूळ तेथे आहे. इतका मोठा माणूस १९७० नंतरच्या वर्षांत नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघाकडे गेला आणि त्यांच्याबरोबर संशोधनाला बसला. त्यांनी संशोधनाच्या फलिताची व्याख्याच बदलली. अहवाल म्हणजे फलित नव्हे. संशोधनातून शिकून कामगारांनी आपल्या कारखान्यात जी कृती केली ती फलित, असे त्यांचे म्हणणे. यातूनच १९७५ मध्ये तेथील कामगार महासंघ व मालकसंघ यांच्यात संगणकाविषयी करार झाला. यंत्र येण्यापूर्वी माहिती मिळण्याचा हक्क आणि संगणकाच्या प्रश्नासाठी स्वतंत्र कामगार-प्रतिनिधी निवडण्याचा हक्क त्याने दिला.

आपल्याकडे काय आहे, ते येथेच सांगून टाकतो. औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली ९-अ हे कलम आले. ज्या सुधारणेमुळे कामगार कमी होण्याचा संभव आहे, ती करण्यापूर्वी मालकाने एकवीस दिवसांची नोटीस द्यावी. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ही तरतूद ठेवली आहे. नोटीस म्हणजे काय, तर पाहुणा येणार असल्याचे पत्र. पाहुणा कसा असावा हे ठरविण्याचा अधिकार त्यात नाही.

युटोपियाच्या मंडळींना नेमका तो अधिकार हवा होता. एका बाजूला उत्तरेकडच्या देशांतील मुद्रण कामगारांचा संयुक्त संघ. दुसऱ्या बाजूला स्टॉकहोमचे श्रमजीवन केंद्र, तेथलीच राजकीय तंत्रविद्या संस्था आणि डेन्मार्कचे ऑर्हुस विद्यापीठ. संशोधकांत पेल्ले एन, सुझान बोडकर, मॉर्टेन क्यूंग, यंग्वे सुंडब्लाड अशी नावे येतात. आता त्या नावाची मेख. 'युटोपिया' ही त्यांच्या भाषेतील शब्दांची आद्याक्षरे होती. अर्थ असा : शिक्षण, तंत्र आणि उत्पादन, कामाच्या गुणवत्तेच्या दृष्टीने. पहिला शब्द शिक्षण! यंत्र दुसरे. हा क्रम केवळ अक्षरांच्या सोयीसाठी असेलही, पण आम्हाला तो फार आवडतो.

काम असे होते की, वृत्तपत्राचे पान रचणे आणि छायाचित्रावर संस्कार करणे यांसाठी संगणकाची हत्यारे घडवायची, आणि ती जुळाऱ्यांच्या बरोबर बसून घडवायची. यंत्राने कौशल्य काढून घेऊ नये, कौशल्यवान माणसाच्या हातात ते हत्यार म्हणून यावे. सुताराला रंधा जसा, तसा.

सुरुवातीला गाडे अडले. संशोधकांनी आपल्या रिवाजाप्रमाणे आकृत्या काढल्या; चौकोन, बाण, कोणती माहिती कोठून कोठे जाते त्याचे नकाशे. जुळारी त्या आकृत्यांकडे पाहत, मान डोलावीत आणि गप्प बसत. आम्हाला हे दृश्य डोळ्यांपुढे दिसते. आमच्या सभासदांसमोर वकीलसाहेब मसुदा वाचतात तेव्हा अगदी असेच होते. ज्या माणसाचे ज्ञान हातात आहे, त्याच्यापुढे कागदावरचा बाण ठेवून "हे बरोबर आहे काय" असे विचारणे म्हणजे पोहणाऱ्याला नदीचा नकाशा दाखवून पाणी थंड आहे का असे विचारण्यासारखे आहे. एन यांनी १९८८ साली आपल्या ग्रंथात या अडचणीची चर्चा तत्त्वज्ञ विट्गेनस्टाइन यांच्या आधाराने केली आहे. शब्दाचा अर्थ तो ज्या व्यवहारात वापरला जातो त्या व्यवहारात असतो. जुळाऱ्याचा व्यवहार वेगळा, संगणकवाल्याचा वेगळा. दोघांनी मिळून एखादी गोष्ट प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय सामाईक भाषा जन्माला येत नाही.

मग त्यांनी काय केले? पुठ्ठा, प्लायवूड आणि कागद आणला. टेबलावर एक खोके ठेवले आणि त्याला म्हटले, हा पडदा. दुसऱ्या खोक्यावर 'लेसर प्रिंटर' असे लिहिले. आत काहीही नव्हते. पडद्यावर काय दिसेल ते कागदावर काढून किंवा प्रोजेक्टरने भिंतीवर टाकून दाखविले. जुळारी त्यासमोर बसे आणि पान रचण्याचे आपले रोजचे काम करी. "आता मला हा फोटो दोन स्तंभांत बसवायचा आहे." संशोधक आधीचा कागद काढून दुसरा ठेवी. "नाही, नाही, तो कापताना मला उरलेला भागही दिसला पाहिजे." मग तिसरा कागद. आम्ही ही संभाषणे आमच्या शब्दांत सांगत आहोत, पण पद्धत हीच होती. पुठ्ठ्याचा गुण असा की, त्याला कोणी भीत नाही. लाखो रुपयांच्या यंत्राला बोट लावताना कामगार कचरतो; पुठ्ठ्याच्या खोक्यावर तो खुशाल पेन्सिलीने रेघ मारतो आणि म्हणतो, हे बटण येथे नको. स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेत खरे चित्रदर्शी संगणकयंत्रही आणले होते, पण ते पुठ्ठ्याच्या मागून आले.

या बैठकांतून जे प्रश्न निघाले ते मोलाचे होते. पडदा लहान, वृत्तपत्राचे पान मोठे. पूर्ण पान दाखवावे तर अक्षर वाचता येत नाही. अक्षर दाखवावे तर पानाचा तोल दिसत नाही. जुळारी टेबलावर पान रचतो तेव्हा दोन्ही एकदम पाहतो, मान खाली घातली की अक्षर आणि मान वर केली की पान. यंत्रात ही मान कशी आणायची? छायाचित्राचे तसेच. पडद्यावर झकास दिसणारी करडी छटा वृत्तपत्राच्या खरबरीत कागदावर चिखल होते. किती उजळ केले म्हणजे छापल्यावर बरोबर उतरेल, हे ज्याने हजार फोटो छापलेले पाहिले आहेत त्यालाच सांगता येते. आज आपल्या मोबाइलवर दोन बोटे फाकवून चित्र मोठे करतो तेव्हा हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. तो सुटलेला नाही. बोटांना सोय झाली आहे एवढेच. तोल पाहण्याची सवय बोटांतून येत नाही.

या प्रयोगाची स्तुतीच करीत सुटलो तर ते बरोबर होणार नाही. तयार झालेल्या प्रणालीची चाचणी स्टॉकहोमच्या आफ्टोनब्लाडेट या दैनिकात झाली, आणि तेथे लगेच वाद उभा राहिला की पान रचण्याचा हक्क कोणाचा, जुळाऱ्याचा की पत्रकाराचा? पत्रकारांचा संघ या प्रयोगात भागीदार नव्हता. कामगार विरुद्ध मालक हे भांडण आम्हाला पाठ असते. कामगार विरुद्ध कामगार हे आले की भल्याभल्या पुढाऱ्यांची वाचा बसते. शिवाय लंडनच्या जुळाऱ्यांवर सिंथिया कॉकबर्न यांनी १९८३ मध्ये 'ब्रदर्स' हे पुस्तक लिहिले, ते प्रत्येक युनियनवाल्याने वाचावे. कौशल्याच्या रक्षणाच्या नावाखाली या बंधूंनी बायकांना पिढ्यान्‌पिढ्या केसपासून दूर कसे ठेवले, याची ती हकीकत आहे. कौशल्य हा शब्द आम्ही आज वारंवार वापरणार आहोत, म्हणून ही टाचणी आधीच टोचून ठेवली.

आणि बाजारात तर युटोपियाची हारच झाली. त्यांची प्रणाली फारशी विकली गेली नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत मॅकिंटॉश आला, १९८५ मध्ये लेसरायटर आणि पेजमेकर. कोणत्याही कामगार संघाला न विचारता टेबलावरचे प्रकाशन जगभर पसरले. आमच्या मालकांनी आणलेला संगणक त्याच वंशातला.

मग ही हकीकत सांगायची कशाला? कारण प्रणाली गेली, पण पद्धत राहिली. वापरणाऱ्याला बरोबर घेऊन हत्यार घडविण्याच्या या विद्येची परिषद १९९० पासून दर दोन वर्षांनी भरते. आणि याच पेल्ले एन यांनी पुढे शिक्षणात जे केले, ते आजच्या विषयाच्या गाभ्याशी आहे.

स्वीडनच्या दक्षिण टोकाला मालमो नावाचे शहर आहे. कोकुम्स ही तेथली जहाजबांधणीची मोठी गोदी. तिची क्रेन १३८ मीटर उंच होती, शहरात कोठूनही दिसे. व्यापारी जहाजांची बांधणी १९८०-९० च्या दशकात बंद झाली, आणि २००२ मध्ये ती क्रेन दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई कंपनीने एका डॉलरला घेऊन उल्सानला नेली. गिरणगावातील चिमण्या पडताना पाहिलेल्या माणसांना त्या शहराची अवस्था वेगळी समजावून सांगायला नको. या शहरात १९९८ मध्ये नवे विद्यापीठ निघाले, आणि गोदीच्या जुन्या भागात त्याच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यात कला, संस्कृती आणि संवाद या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'के-तीन' म्हणून ओळखली जाणारी शाळा आहे. एन तेथे होते. त्यांनी त्या वर्षी 'डिजिटल बाउहाउस'चा जाहीरनामा लिहिला.

बाउहाउस ही वाल्टर ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये जर्मनीत वायमार येथे काढलेली शाळा. (तिची चित्रे डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यास प्रदर्शनात मांडली गेली होती, हे आपल्यापैकी चित्रकलेच्या जाणकारांना माहीत असेल.) तिच्या आरंभीच्या वर्षांतील एक रिवाज आम्हाला विशेष वाटतो. प्रत्येक कार्यशाळेत दोन गुरू असत. एक चित्रकार, रूपाचा गुरू. दुसरा कारागीर, हाताचा गुरू. विद्यार्थ्याला विद्यार्थी न म्हणता उमेदवार म्हणत, जसे आपल्याकडे छापखान्यात म्हणतात तसे. नाझींच्या दडपणाखाली १९३३ मध्ये ती शाळा बंद पडली.

मालमोच्या शाळेने एका छताखाली संगणकवाले, चित्रकार आणि माध्यमांचे अभ्यासक आणले. संगणकीय माध्यम हा एक पदार्थ आहे, लाकूड किंवा माती जशी, आणि त्यात हात घालूनच ते शिकावे, हा विचार तेथे मुरला. त्या शाळेचे एक अध्यापक योनास लोवग्रेन आणि एरिक स्टोल्टरमन यांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकात या पदार्थाला गुणरहित पदार्थ म्हटले आहे. लाकडाला रेषा असते, ती आडवी कापली तर लाकूड चिरते. शिसाचा खिळा रुंदीने ठरलेला, तो पाहिजे तेथे दाबून बसत नाही. संगणकातल्या चित्राला असे स्वतःचे गुण जवळजवळ नाहीत. त्याला काहीही करायला सांगा, ते ऐकते.

आमच्या मते शिक्षणाची सगळी अडचण येथे आहे. जुना पदार्थ चुकणाऱ्याला शिक्षा करीत असे. खिळे घट्ट बसले नाहीत की फर्मा उचलताना सगळी ओळ जमिनीवर! त्या आवाजाने माणूस शिकत असे. संगणक शिक्षा करीत नाही. एक कळ दाबली की चूक पुसली जाते आणि दुसरी चूक करायला पडदा मोकळा. पदार्थ विरोध करीत नसेल तर तो विरोध शिक्षकाने करायचा असतो, शेजारी बसलेल्या सोबत्याने करायचा असतो, ज्याच्यासाठी ते काम आहे त्या माणसाने करायचा असतो. मालमोच्या संशोधकांनी पुढे रोसेनगार्ड या वस्तीतल्या, बाहेरून आलेल्या कुटुंबांतील रॅप गाणाऱ्या पोरांबरोबर आणि तेथल्या स्त्रियांच्या मंडळाबरोबर काम केले. पोरांचे संगीत बसमधल्या उतारूंच्या मोबाइलवर कसे पोहोचेल, असलेही प्रयोग झाले. त्यातून क्रांती झाली नाही. पण शिकणाऱ्यासमोर "मला हे असे नको" म्हणणारा जिवंत माणूस उभा राहिला.

आपल्याकडे असे काहीच घडले नाही असे नव्हे. मुंबईच्या आयआयटीत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र निघाले. तेथे र. कृ. जोशी शिकवीत. जाहिरातीच्या धंद्यातून आलेला, लेखणी आणि कुंचला हाती धरणारा सुलेखनकार. विंडोज संगणकावर देवनागरी वाचताना वर्षानुवर्षे आपल्यासमोर जी 'मंगल' अक्षरे आली, ती त्यांची. हाताने हजारो वेळा अक्षर काढलेल्या माणसाने ते पडद्यासाठी घडविले.

आता आपल्या गल्लीतल्या क्लासकडे वळू. दारावर पाटी असते, 'मल्टिमीडिया, ॲनिमेशन, व्हीएफएक्स, शंभर टक्के नोकरी'. बाप फंडातून उचल घेतो, आई पाटल्या मोडते. मुलगा वर्षभर काय शिकतो? कोणत्या यादीत कोणती आज्ञा आहे ते. पुढच्या वर्षी कंपनी नवी आवृत्ती काढते, यादी बदलते, आणि पोराचे ज्ञान रद्दीत. त्याला चित्र कसे पाहावे हे कोणी शिकवीत नाही, कारण ते शिकविणारा माणूस महाग पडतो आणि परीक्षेत त्याला गुण देता येत नाहीत.

या मुलांपैकी पुष्कळ जण रोटोच्या कामावर जातात. चित्रपटात माणसाच्या मागचे दृश्य बदलायचे असेल, तर त्या माणसाची बाह्यरेषा चौकटीगणिक कापून घ्यावी लागते. एका सेकंदाला चोवीस चौकटी. दहा सेकंदांच्या दृश्यात दोनशे चाळीस वेळा तीच रेषा, केसांच्या बटेसकट. आमच्याकडे तक्रार घेऊन आलेली मुले एका कंपनीत रात्री नऊ ते सकाळी नऊ हेच करीत होती. तीन महिन्यांचा पगार थकला होता आणि नेमणुकीच्या पत्रात त्यांना 'कलावंत' म्हटले होते. कलावंत म्हटले की ओव्हरटाइम मागता येत नाही, असा मालकाचा समज. आम्ही त्यांतल्या एकाला विचारले, या सगळ्या दृश्याची कथा काय आहे? तो म्हणाला, "साहेब, आम्हाला फक्त डावा हात दिला होता."

हा मुलगा तरबेज होता. पण त्याला दृश्य दिलेले नव्हते, आणि ते मागावे हेही कोणी शिकविले नव्हते. असे काम सगळ्यात आधी यंत्राकडे जाते, कारण त्यातले माणसाचे ज्ञान आधीच काढून घेतलेले असते. मजकूर लिहिला की चित्र करून देणारी यंत्रे २०२२ पासून सर्वांच्या हाती आली. रोटोच्या मुलांना त्यांची धास्ती वाटते, ती निराधार नाही.

आणि नुसत्या कलेने पोट सांभाळले जाते असेही नाही. 'लाइफ ऑफ पाय' या चित्रपटातला वाघ ज्या कंपनीने संगणकावर उभा केला, त्या रिदम अँड ह्यूजने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळे जाहीर केले. मुंबई आणि हैदराबाद येथेही तिची केंद्रे होती. २४ फेब्रुवारीला त्याच कामाला ऑस्कर मिळाले, आणि सभागृहाबाहेर दृश्यपरिणामांचे कामगार निदर्शने करीत होते. पुढे दहा वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, मार्व्हल कंपनीच्या दृश्यपरिणाम कामगारांनी एकमताने युनियनला कौल दिला. त्याच वर्षी अमेरिकेतील पटकथालेखकांनी १४८ दिवस संप करून, बुद्धिमान यंत्र वापरण्याची सक्ती आपल्यावर करता येणार नाही असे करारात लिहून घेतले. म्हणजे करार होऊ शकतो. पण कोणत्या कामात यंत्र हवे आणि कोणत्यात नको, हे सांगायला ते काम पुरते समजलेला माणूस लागतो. जुळारी पुठ्ठ्याच्या खोक्यासमोर बसून "हे बटण येथे नको" म्हणू शकला, कारण त्याला पान कळत होते. डाव्या हाताची रेषा कापणारा मुलगा काय म्हणेल?

म्हणून आमच्या युनियनने एक लहानसा उद्योग आरंभिला आहे. दर रविवारी सकाळी दहा वाजता कचेरीच्या माडीवर क्लासला जाणारी काही मुले, दोन जुने जुळारी, साइनबोर्ड रंगविणारे एक गृहस्थ आणि अंगणवाडीच्या दोन सेविका बसतात. सध्या लसीकरणाची एक चित्रफीत करणे चालू आहे. पहिले चार रविवार संगणक उघडला नाही. कागदावर चौकटी काढल्या आणि भिंतीला लावल्या. सेविकाबाईंनी तिसऱ्या चौकटीपुढे उभ्या राहून सांगितले की, आमच्या वस्तीत आई बाळाला अशी धरीत नाही. मुलांनी ती चौकट सात वेळा काढली. आठवी अजून व्हायची आहे. आपल्यापैकी कोणाची मुले क्लासला जात असतील तर त्यांना पाठवावे. फी नाही, येताना जुना पुठ्ठा तेवढा आणावा.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे.  रजा घेतो.